शेवटच्या स्टेशनचं पाणी

सासऱ्यांनी एक रात्र आमच्या दुकानाच्या माळ्यावर काढली, आणि सकाळी चहाची बशी खाली ठेवून शांतपणे सांगितलं, "लेक भट्टीवर पाठवणार नाही. घर करा. पाणी बघून करा. मग वैशाखात मी स्वतः घेऊन येतो."

रामेश्वराला जाताना जावयाचं कसं चाललंय ते बघायला म्हणून ते मद्रासला उतरले होते. त्यांना रागावण्यासारखं कुणी काही बोललं नव्हतं, उलट आमच्या मालकांनी त्यांच्यासाठी मुद्दाम शिरा करवला होता. पण आमचं दुकान गलाईचं. विट्याच्या आसपासच्या माणसाला गलाई म्हणजे काय ते विचारावं लागत नाही, बाकीच्यांना सांगतो. सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी आणायचं, भट्टीत वितळवायचं, तेजाबात घालून हिणकस काढून टाकायचं आणि चोख माल परत द्यायचा. जॉर्ज टाउनच्या एका बोळात खाली भट्टी, आणि वर लाकडी माळ्यावर आम्ही चौघे कामगार झोपायचो. तेजाबाचा पिवळा धूर जिन्यानं वर येई. आम्हाला तो जाणवतही नसे. सासरे मात्र रात्रभर खोकले, आणि सकाळी त्यांनी पटका नाकाशी नेऊन पुन्हा डोक्याला बांधला, तेव्हाच मी काय ते समजलो.

लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती. बायको माहेरी. त्या दोन वर्षांत मी गावी गेलो तेवढाच काय तो संसार. मी पाचवीतून शाळा सोडलेला माणूस, दिसायला बेताचा, हातावर तेजाबाचे डाग. मला सारखं वाटे की आता नाही आणली तर ती आपल्याला विसरूनच जाईल. सासरे चांगले म्हणून त्यांनी वैशाखापर्यंत मुदत दिली. दुसऱ्या कुणी थेट पंचायत बसवली असती.

मालकांना आम्ही मामा म्हणायचो. नात्यानं लांबचे, पण गावचे. त्यांनी मला आणलं, जेवू घातलं, सोनं वितळवायची मूस धरायला शिकवलं. आज माझ्या नावावर जे काही आहे ते त्यांच्यामुळं, हे मी कुणापुढंही सांगेन. घराचं ऐकून ते म्हणाले की मांबलमला बघ, पश्चिमेला, तिथं आपली मराठी माणसं आहेत, नोकरदार वस्ती आहे, गाडीनं लगेच येता येतं. मग हळूच पुढं जोडलं, "फार लांब जाऊ नकोस. भट्टी कुणाच्या सासऱ्याची वाट बघत नाही."

वेस्ट मांबलमला मी गेलो. घरं बरी होती, दुकानं पायाशी होती. पण संध्याकाळी एका ओट्यावर बसून घरमालकाशी बोलत होतो तर डासांनी मला उठवून लावलं. भाडंही माझ्या ऐपतीबाहेरचं होतं. शिवाय नळाला पाणी कधी येतं असं विचारल्यावर घरमालकानं वर आभाळाकडं बघितलं.

पाणी बघून करा, हे सासऱ्यांचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. आम्ही दुष्काळी मुलखातले. आमच्याकडं सोयरीक जुळवताना जमिनीआधी विहीर बघतात. मुलीकडची एखादी जाणती बाई पदराला मूठभर तुरीची डाळ बांधून नेते आणि मुलाच्या घरच्या पाण्यात ती शिजवून बघते. पाणी जड असेल तर डाळ गोट्यांसारखी राहते, कितीही जाळ घाला. अशा घरी पोरगी द्यायची नाही, जन्मभर तिचा चुलीपाशी जीव जाईल, असा हिशेब. तेव्हा मीही तसंच करायचं ठरवलं.

आमच्या बोळापासून बीच स्टेशन चालत जाण्याएवढं. विजेची गाडी तिथूनच सुटे आणि थेट तांबरमला जाऊन थांबे. मार्गशीर्षात दर रविवारी मी फिरकीचा तांब्या घेऊन त्या गाडीत बसू लागलो. पुढचं सगळं भीतभीतच चाले. तमिळ मला बोलता येई, वाचता येत नसे. स्टेशनच्या पाट्यांवर नागरी अक्षरं असत ती मी वाचली असती, पण बऱ्याच ठिकाणी हिंदीच्या रागानं कुणीतरी त्यांना डांबर फासून ठेवलेलं होतं. इंग्रजी अक्षरं जुळवेपर्यंत गाडी हलायची. म्हणून मी खुणा धरल्या होत्या: पूल आला की सैदापेट मागं पडलं, रेसचं मैदान म्हणजे गिंडी, मग डोंगरावरचं चर्च दिसलं की माउंट. तरी प्रत्येक वेळी शेजारच्याला विचारल्याशिवाय उतरलो नाही.

उतरायचं, भाड्याचं घर विचारायचं, विहिरीचं पाणी मागून तांब्यात घ्यायचं आणि परत. एकदा गाडीत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या मांडीवरचा तांब्या बघून हात जोडले आणि काशीहून केव्हा आलात असं विचारलं. मी म्हटलं, काशी नाही, गिंडी. त्यांना वाटलं मला तीर्थ द्यायचं नाही म्हणून मी टाळतोय. उतरेपर्यंत ते माझ्याकडं रागानं बघत होते.

रात्री मागच्या अंगणात शेगडीवर डाळ चढे. बरोबरीचे कामगार ताटं घेऊन तयारच असत. आज कुठल्या गावचं वरण, म्हणून चेष्टा. सैदापेटची डाळ बरी निघाली, गिंडीची कच्ची राहिली. माउंटची मात्र अशी शिजली की पळी फिरवायचीसुद्धा गरज पडली नाही. मामांनीही दोनदा वाढून घेतलं.

माउंटचं ते घर दोन खोल्यांचं, स्टेशनाजवळचं. विहीर तर इतकी भरलेली की वाकून तांब्या बुडवावा. आमच्या गावी पौषात अशी विहीर दिसली तर माणसं पेढे वाटतील. तेवढं पाणी असलं म्हणजे जेठापर्यंत घोर नाही. पुढच्या रविवारी विसार द्यायचा म्हणून मी गेलो, तेव्हा घरमालक दारातच उभे होते. विहिरीच्या कठड्याला हात लावून मी आपल्याशीच बोललो, "देवा, झालं बाबा एकदाचं."

शेजारच्या ओट्यावर एक म्हाताऱ्या बाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. नऊवारीच, पण नेसण आमच्याकडची नव्हे. त्यांनी मान वर केली.

"काय रे अप्पा, मराठी की तू?"

मद्रासच्या त्या आडगल्लीत मराठी ऐकून मला भरून आलं. मी गाव सांगितलं, धंदा सांगितला, घराचंही सांगितलं. त्यांना अर्धंच कळलं असावं. "हळू बोल की," त्या म्हणाल्या, "तुझ्या मराठीला काय रेल्वे पकडायची आहे?" त्यांची माणसं कित्येक पिढ्यांमागं तंजावरला आलेली. बोली अशी की शब्द जुन्या पोथीतले आणि चाल तमिळ. इथं त्या लेकीच्या बाळंतपणाला आल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी घरमालकांकडं बघून गोड हसून मान डोलावली, आणि त्याच हसऱ्या तोंडानं मला म्हणाल्या,

"तूंही हसत राहा, तो बघतो आहे. ही विहीर आत्तां गोड. पाऊस होऊन दिवस किती झाले? आत्तां मद्रासेंत कुठली विहीर गोड नाही? पंगुणी लागूं दे, तुमचा चैत्र. उप्पु तण्णी. खारट! तोंडांत धरवणार नाही. आमची मुलगी उन्हाळ्यांत अर्धा मैल घागर वाहते."

मी हसत राहिलो. इतकी वर्षं मद्रासमध्ये राहून इथला पाऊस दिवाळीच्या पुढं पडतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. छत्री घेऊन मीच सोनारांकडं फिरायचो. पण विहिरीचा विचार करताना माझ्या डोक्यात आमच्याच गावचं वर्ष चालू होतं. आमच्याकडं विहीर आटते, पण तळाला राहिलेला शेवटचा तांब्यासुद्धा गोड. इथं विहीर आटत नाही. गोड पाणी खाली जातं आणि त्याच्या जागी खारं येतं. भरलेली विहीर खोटं बोलू शकते हे मला कोण सांगणार? सासरे येणार होते वैशाखात.

मग कुठलं पाणी बारा महिने चांगलं, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या की तांबरमला त्यांचं स्वतःचं घर आहे, लाल माती, खोल विहीर, आणि मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत.

घरमालकांना मी पुढच्या रविवारी येतो म्हणून सांगितलं आणि परत आलो. मामांना सगळं सांगितलं तर ते पोट धरून हसले. "पाणी गोड नाही लेका, म्हातारीचं बोलणं गोड आहे. तिला भाडेकरू पाहिजे, दुसरं काय? मराठीत बोलली म्हणून तू विरघळलास."

ते खरंही असू शकत होतं. तो सगळा आठवडा मी बेचैन होतो. म्हातारी खरं बोलत असेल तर माउंटचं घर घेऊन मी वैशाखात सासऱ्यांसमोर खारं पाणी ठेवणार. खोटं बोलत असेल तर जवळचं, स्वस्त घर हातचं जाणार. आणि डाळ शिजवून आता काही कळणार नव्हतं. या दिवसांत ती तांबरमलाही शिजणार आणि माउंटलाही.

गुरुवारी की शुक्रवारी मी वापरलेल्या मुशी खरवडत बसलो होतो. हे काम मला आवडे. मुशीतलं सोनं केव्हाच निघून गेलेलं असतं, पण कडेला जे चिकटून राहतं त्यावरून त्यात कसला माल होता ते सांगता येतं. ते करता करता माझा हात थांबला. पाणी उकळून उडून जातं. त्यातलं मीठ कुठं जातं?

रविवारी मी आधी थेट तांबरमला गेलो. बाई घरी परतल्या होत्या. विहिरीकडं न जाता मी न्हाणीघर दाखवता का म्हणून विचारलं. आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा मोठा हंडा चुलवणावर होता, बाहेरून काजळीनं काळाकुट्ट, पुष्कळ वर्षांचा. मी बाही वर करून आत हात घातला आणि तळापासून काठापर्यंत नखानं खरवडत आलो.

"काय रे अप्पा, हंड्यांत सोनं शोधतोस?"

"मीठ शोधतोय, आक्का."

नखात पिठाएवढी पांढरी पूड आली, बस. मग त्यांनी मला मोठ्या पेल्यात कॉफी दिली.

परतताना माउंटला उतरलो. घरमालक बरे होते, त्यांनी निःशंकपणे न्हाणीघर दाखवलं. हंडा बाहेरून नवा वाटत होता. आत हात घातला तर एक अख्खी खपली माझ्या बोटांत आली, अंड्याच्या कवचासारखी. ती मी रुमालात बांधली आणि घर लांब पडतं असं काहीतरी सांगून निघालो.

मामांसमोर रुमाल सोडला. त्यांनी खपली चिमटीत धरली, उजेडात बघितली, जिभेला लावली आणि थुंकली. मग म्हणाले, "तांबरमहून सकाळची पहिली गाडी कितीला सुटते?"

मला हायसं वाटलं. तांबरम लांब होतं हे खरं, सगळ्यांत लांब. तेव्हा विजेची गाडी तिथंच संपायची. पण माझ्यासारख्या भित्र्या माणसाला ती मोठी सोय होती. चढायचं शेवटच्या स्टेशनावर, उतरायचं पहिल्या स्टेशनावर, संध्याकाळी उलट. पाटी वाचायला नको, कुणाला विचारायला नको. झोप लागली तरी गाडी मला सोडून कुठं जाणार नव्हती. जागाही दोन्हीकडून बसायला मिळे. थोड्याच दिवसांत मी त्या गाडीत इतका ऐटीत बसू लागलो की नवखी माणसं मलाच स्टेशनं विचारायची.

वैशाखात सासरे आले. बायको आली, तिच्यामागून तिची पत्र्याची ट्रंक आली. ऊन असं की ओट्यावर पाय ठेववत नव्हता. सासऱ्यांनी घरात शिरायच्या आधी विहीर गाठली, स्वतः पोहरा सोडला, बराच वेळ दोर जाऊ दिला, आणि वर आलेलं पाणी ओंजळीनं प्यायले. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. आक्कांनी त्यांना तंजावरी मराठीत गावाकडची खुशाली विचारली, त्यांनी माणदेशीत उत्तर दिलं, आणि दोघांनीही समजल्यासारखं केलं.

पण ट्रंकेची किल्ली त्यांनी आपल्या कनवटीला ठेवली होती. ती लेकीला दिली नाही. बायको दोनच लुगडी आलटून पालटून नेसत होती, धुऊन दोरीवर टाकत होती. लेकीला परत न्यायचं त्यांच्या मनात आलं की ट्रंक जशी आली तशी परत जाईल, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर गाडीनं दुकानापर्यंत आले. मला वाटलं, लांब पडतं म्हणतील. बीचला उतरल्यावर एवढंच म्हणाले की गाडीतला बाक लाकडी असला तरी वारं चांगलं लागतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या घाईत होतो. ते दारात बसून मिश्री लावत होते.

"जावईबापू, तुम्ही जेवता कधी?"

"डबा नेतो, आबा. रात्री घरी."

"कोण बांधतं डबा?"

मी काही बोलायच्या आत आतून बायकोचा आवाज आला, "मी बांधलाय आज."

सासऱ्यांनी चूळ भरली, हात पुसले, कनवटीची गाठ सोडली आणि किल्ली उंबऱ्यावर ठेवली. लेकीकडं बघितलंही नाही. तिनं ती उचलली, तिथंच बसून ट्रंक उघडली आणि लुगडी एकेक करून बाहेर काढू लागली. मग उठून तिनं खोलीच्या चारी भिंती बघितल्या आणि प्रथमच मला सरळ विचारलं, "या घरात एक खुंटीसुद्धा नाही होय?"

मी आक्कांकडून हातोडी मागून आणली. त्या दिवशी माझी पहिली गाडी चुकली. दुसरी यायच्या आत दोन खुंट्या बसल्या, आणि तिसरी कुठं पाहिजे ते ती बोटानं दाखवत होती.