चष्म्यातलं गाणं आणि बाबांचे रोडगे

त्या चष्म्याचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. मोर्शीच्या आमच्या मळ्यात बाबा स्वतः गोवऱ्यांवर कणकेचे जाडजूड रोडगे भाजतात, सोबत वांग्याची भाजी करतात, स्वतःच वाढतात. परवा अकोल्याहून धाकटा भाऊ आला आणि डोळ्यांपुढे पिक्चर दाखवणारा नवा चष्मा लावूनच पंगतीत बसला.

“अजून एक देऊ तुले?” बाबा विचारत. हा मान डोलवी. बाबा खुशीत वाढत गेले, वर तूप ओतत गेले. आणि हा दिवटा चष्म्यातल्या गाण्यावर डोलत होता! तीन रोडगे ताटात तसेच टाकून तो उठला.

तो चष्मा निखाऱ्यांत फेकावासा वाटला. मी ओरडणार, तेवढ्यात बाबांनी मला हळूच विचारलं, “कावून रे, वांग्याची भाजी बिघडली होती काय?”