अव्वांचं ‘चालू’

पुण्याला रेडिओच्या आवाजाच्या परीक्षेत मी नापास झालो, त्यात परीक्षकांचा काही दोष नव्हता. “घाबरलात का?” असं त्यांनी विचारलं आणि मी “न्हाय, न्हाय” म्हणालो. गावी, बार्शीला, तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून कुर्डुवाडीला न उतरता थेट सोलापूर गाठलं. तिथे करमाळ्याच्या एका मित्राचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. आम्ही आमचंच केंद्र काढलं.

केंद्र म्हणजे एक माइक, थोड्या तबकड्या आणि एक कर्णा. सकाळी नऊला गाणी, बाजारभाव, हरवलेल्या शेळ्या आणि हवामान. हवामानासाठी मित्र दारात जाऊन वर बघून यायचा. “हे आपल्या गल्लीचं केंद्र आहे,” म्हणताना मी ‘आहे’वर इतका जोर द्यायचो की मित्र म्हणायचा, “आरं, त्यो ‘आहे’ काय पळून जातुय व्हय?”

कर्णा टांगण्याजोगं उंच घर गल्लीत एकच होतं, समोरच्या तेलुगू विणकरांचं. खाली त्यांचे माग चालायचे. घरातला मुलगा “लावा की” म्हणाला होता, पण त्या घरात शब्द चालायचा त्याच्या आईचा. त्यांना सगळी गल्ली अव्वा म्हणायची. त्यांना मराठी येत नव्हतं, आम्हाला तेलुगू. अव्वा नको म्हणाल्या की केंद्र बंद, आणि माझा आवाजही कायमचा बंद. मला धडकीच भरली होती.

पहिलं गाणं लागलं तशा अव्वा बाहेर आल्या आणि हात वर करून म्हणाल्या, “चालु! चालु!”

मला भरून आलं. मित्राने आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही हात वर करून ओरडल्या. आम्ही आणखी वाढवला. मग हे रोजचंच झालं. “अव्वांच्या आग्रहाखातर हेच गाणं पुन्हा एकदा,” असंही मी माइकवरून सांगू लागलो. महिन्याअखेरीस केंद्रातर्फे त्यांना नारळ दिला, तर त्यांनी तो असा धरला की मी दोन पावलं मागे सरकलो.

त्याच दिवशी मुलगा तणतणत दुकानात आला.

“आव, म्हातारी रोज बास बास म्हनती, आन तुमी मुद्दाम वाढवताय व्हय?”

“त्या तर चालू म्हणतात!”

“आमच्यात चालु म्हंजी बास! अव्वा मागाचा आवाज ऐकून धागा तुटलेला वळखती. तुमच्या कर्ण्यापायी तिला कायच ऐकू येईना झालंय.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या मोठ्याने आणि इतके दिवस मी कुणालाच छळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गपगुमान शिडी लावली आणि कर्णा सोडवायला चढलो. तेवढ्यात अव्वा बाहेर आल्या. मुलाकडून पाठ करून घेतलेलं मराठी त्यांनी एकेक शब्द तोलत म्हटलं.

“दुपारी. माग बंद. चालू.”

मी शिडीवरूनच विचारलं, “कुटलं चालू, अव्वा? आमचं का तुमचं?”

मुलाने हसत हसत तेलुगूत सांगितलं. अव्वांनी माझ्याकडे बोट केलं.

“तुमचं.”

दुपारी माग थांबले तसा मी माइक हातात घेतला आणि पहिल्याच वाक्यात ‘आहे’च्या जागी ‘हाय’ म्हणून गेलो. अव्वा उंबऱ्यात बसून ऐकत होत्या. त्यांनी मला पास केलं.