पान एकतीसवरची फूटपट्टी

फेब्रुवारीचा दुसरा सोमवार : शशिकांतने लेख नाकारला. मार्चचा पहिला शनिवार : तोच लेख छापून आला, संपादक म्हणून नाव शशिकांतचे. त्यानंतरचा गुरुवार : शशिकांत गेला. जबाबदार : आमच्या साहित्यसमीक्षेच्या त्रैमासिकाचे कार्याध्यक्ष आणि गप्प बसलेले सल्लागार मंडळ. मृत्यू हृदयविकाराने झाला, हे मला मान्य आहे. माझा आरोप त्याआधीच्या पाच दिवसांविषयी आहे.

तो प्राध्यापकीतून निवृत्त, मी वकिलीतून. नाशिक रोडच्या त्याच्या घरी आम्ही मुद्रिते जुन्या रीतीने तपासत असू. मी विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचे, त्याने ओळीखाली फूटपट्टी सरकवत न्यायची. "वकिला, साक्षीदाराला दरडावतोस तसं वाचू नकोस. लेख घाबरतो," असे तो म्हणे. त्या सोमवारी कार्याध्यक्षांचा लेख होता. पान एकतीसवर फूटपट्टी थांबली.

"हे तू मला पूर्वी वाचून दाखवलंयस…"

कपाटातून त्याने जुनी मुद्रिते काढली. येवल्याच्या एका शिक्षिकेने पैठणी विणणाऱ्या घरांतील ओव्यांवर लिहिलेला लेख. ऐन छपाईच्या वेळी कार्याध्यक्षांनी तो 'कच्चा' म्हणून थांबवला होता. आता परिच्छेदच्या परिच्छेद तेच होते. शशिकांतने दोन्ही मुद्रिते शेजारी-शेजारी ठेवली. मग म्हणाला, "तिच्या नकारपत्रावर सही माझी आहे रे."

त्याच दिवशी त्याने कार्याध्यक्षांना लेखी नकार कळवला. मग फोन सुरू झाले, अतिशय मऊ आवाजातले. "सर, या वयात किती दगदग? तब्येत जपा." दर फोननंतर तो दाराची कडी तपासू लागला. अंक आला, तेव्हा त्याने मंडळाला खुलासा पाठवला. पाच दिवस रोज मला एकच विचारी, "उत्तर आलं?" आले नाही.

शोकसभेत कार्याध्यक्ष म्हणाले, "शेवटचा अंकही सरांच्या नजरेखालून गेला, हे आमचे भाग्य."

परवा त्याच्या घरी गेलो. मुद्रिते टेबलावर तशीच, पान एकतीसवर फूटपट्टी. मी हात पुढे केला, तर वहिनी म्हणाल्या, "उचलू नका भावजी. त्यांचं वाचून झालेलं नाही."

म्हणून कार्याध्यक्षांना जाहीर विचारतो : संपादकाचा लेखी नकार हाती असताना छपाईला संमती कोणी दिली? त्या लेखावर त्या शिक्षिकेचे नाव केव्हा येणार? उत्तर पुढच्या अंकात, पहिल्या पानावर, आपल्या सहीने द्या. त्या टेबलापाशी बसून मी ते मोठ्याने वाचणार आहे, विरामचिन्हांसकट.