पायाळूचीच कंबर धरते तेव्हा

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर आज माझंच गुपित लावतो आहे.

मी पायाळू, जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. पायाळूचा पाय लागला की धरलेली कंबर सुटते म्हणतात, त्यामुळे आमच्या धाड गावात कोणाची कंबर धरली की माझा पाय लावून घ्यायला येतात. माझीच धरली, तेव्हा नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन टाळायचं तर रोज व्यायाम करा."

तीन महिने दार लावून केला. लोक हसतील ना!

आज शेजारची गंगाकाकू कंबर धरून, दार ढकलून थेट आत आली. मी सतरंजीवर पालथा, हातांवर छाती उचललेली.

"काऊन रे, तुले कोण पाय लावते?"

"कोणीच नाही, काकू. व्यायामानंच सुटली माही कंबर."

काकूनं पदर खोचला. मग म्हणाली, "सरक तिकडं. मले बी शिकव."

उद्यापासून दार उघडं आहे. आणखी कोणाची कंबर धरली आहे? पाय मिळणार नाही, सतरंजी घेऊन या.