हसायचं नाही, डोळे खाली

"हे घे. तोंडाला लाव."

चेअरमनसाहेबांनी बूट पॉलिशची डबी माझ्या हातात ठेवली. काळं पॉलिश. नवी डबी, झाकन घट्ट. मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं आन् म्हनाले, "तुला फार लागणार नाही म्हणा. अर्धा आफ्रिका तू आधीच आहेस."

चर्चच्या व्हरांड्यात उभी असलेली कमिटी हसली. सेक्रेटरीची तर ढेरी हलली.

मी पन हसायला पायजे हुतं. दोन वर्सं हसतच आलो. आज हसू आलं न्हाई.

ही आज सकाळची गोष्ट. रविवारच्या उपासनेच्या आधीची. आता दिवस मावळायला आलाय आन् मी हे लिहायला बसलोय, कारन उद्या सोमवार हाय.

मी नक्कल्या हाय. घोडेगावच्या बाजारातला दलाल म्हशीचे दात बघताना कसा बोलतो, पाळकसाहेब प्रार्थनेत नेमके कुठं खोकतात, एसटीचा कंडक्टर "पुढं सरका, मागं काय लगीन लागलंय?" कसं म्हनतो, समदं मला येतं. लोकं म्हनतात, पोराच्या गळ्यात रेडिओ हाय.

आई चर्चच्या होस्टेलात स्वैपाक करती. आमी स्वैपाकघरामागच्या खोलीत ऱ्हातो. खोली कमिटीची, लाईट कमिटीची, भांडी कमिटीची. तवा तेवढा आमचा. चेअरमनसाहेब नगरला ऱ्हातात. आमीबी ख्रिस्ती, तेबी ख्रिस्ती. पन ते पुढच्या बाकावरचे.

आमच्या मंडळीची, म्हंजी चर्चच्या लोकांची, आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या एका मंडळीशी भागीदारी हाय. तिथल्या गावाला हापसा, शाळेला पत्रे, असल्या कामाला आमी मदत धाडतो. ती मदत निघती मुठीतनं. दळायला धान्य काढलं की बाई आधी एक मूठ बाजूच्या डब्यात टाकती. घरात कमी असलं तरी टाकती. रविवारी समदे डबे चर्चमधल्या पोत्यात रिकामे व्हत्यात. धान्य कमिटी इकती आन् पैसं साहेब तिकडं धाडतात. आईची मूठ मोठी. मी म्हनायचो, "आये, तुझ्या मुठीत आख्खी मलावी बसंल."

आन् भागीदारीच्या रविवारी माझी नक्कल. तव्याची काजळी तोंडाला, कमरंला पोतं, पोट आत. उगाबुगा उगाबुगा करत हात पसरायचे. आफ्रिकेतला मानूस मी बघितला हुता कुठं? कार्टूनातनं उचलला. पन लोकं हसून हसून रडायची. मग खरंच रडायची. "कसं जगत्यात गं बिचारे!" पोतं भरायचं. साहेब पाठीवर थाप मारायचे. त्या थापंसाठी मी काजळी आनखी दाट लावायचो. हे लपवत न्हाई.

औंदा मलावीहून पाहुनी आली. चिसोमोबाई. शाळेत मास्तरीन हाय. साहेबांनी नगरला एसी खोली ठेवली हुती. बाई म्हनाली, मुलींच्या होस्टेलातच ऱ्हाते. गुरवारी आली आन् बॅग ठेवून सरळ आईच्या स्वैपाकघरात. आईनं पाट दिला, तर बाई पाटावर बसलीच न्हाई, पळीच हातात घेतली. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवला आन् हातानं खाल्ला. आई बघतच राह्यली. म्हनाली, "आरं, ही तर आपल्यासारखंच घाटती." दोघींची भाषा येक न्हाई, तरी तासभर हसत हुत्या. मधी मी. माझं इंग्लिश तालुक्याच्या शाळेचं. मोडकं, पन चालू.

बाईला फळीवरचा डबा दिसला. हे काय म्हनून इचारलं. मी सांगितलं. तुमच्यासाठी मूठ.

बाईची पळी थांबली.

म्हनाली, आमच्या बायाबी अशीच मूठ काढत्यात. मक्याची. दर रविवारी.

"कुनासाठी?" मी इचारलं.

"तुमच्यासाठी."

मला वाटलं माझं इंग्लिश चुकलं. परत इचारलं. तिनं मोबाईल काढला. त्यांच्या चर्चची भिंत. भिंतीवर मोठा फोटो. फोटोत आई.

अनवानी. हात पुढं पसरलेले. मागं हापसा. खाली इंग्लिशमधी, इथं पानी न्हाई, अन्न न्हाई, ह्या बहिणीसाठी प्रार्थना करा.

तो दिवस मला आठवला. मागच्या उन्हाळ्यातला. साहेब कॅमेरावाला घेऊन आल्ते. हापसा चालू हुता. आईनं तिथंच हंडा भरला हुता, तो त्यांनी बाजूला ठिवायला लावला. मी मागं उभा राहून दलालाची नक्कल करत हुतो आन् आई हसत हुती. साहेब म्हनाले, "हसायचं नाही. चपला काढ. डोळे खाली. हात पुढे कर." आईला वाटलं, कुठल्यातरी कागदाला फोटो लागत आसंल. रेशनच्या नायतर आधारच्या. सांगतील तशी उभी राह्यली.

आईनं मोबाईल हातात घेतला. पदरानं काच पुसली. लई येळ बघितलं.

"माझ्या चपला कुठं हैत?" येवढंच म्हनाली.

मग चिसोमोबाईनं मला इचारलं, तुमच्या भिंतीवर आमचं काय लावलंय? मी काय सांगू? भिंतीवर काय न्हवतं. स्टेजवर मी हुतो. साहेबांनी कॅमेरा लावून माझ्या आईला जे केलं, ते मी काजळी लावून हिच्या आईला करत हुतो. दोन वर्सं. टाळ्या घेऊन.

इकडच्याला सांगायचं तिकडचे भिकारी. तिकडच्याला सांगायचं इकडचे भिकारी. आन् मधी दोन्ही हातांनी देनारा साहेब. त्यांची मूठ कुठं गेली, आमची कुठं पोचली, मला म्हाईत न्हाई. इचारनार हाय.

तर आज सकाळी, डबी हातात. मी म्हनालो, "साहेब, आज न्हाई जमायचं."

साहेबांचं हसू तसंच राह्यलं. खांद्यावर हात ठेवला. जड न्हाई, हलकाच. बारीक आवाजात म्हनाले, "आईची खोली कुणाची आहे रे? सहज विचारतो."

हा मानूस वरडत न्हाई. वरडला असता तर बरं झालं असतं.

उपासना झाली. चिसोमोबाई पुढच्या बाकावर, साहेबांच्या शेजारी. माझं नाव पुकारलं. मी कोऱ्या तोंडानं वर गेलो. लोकं आधीच हसायला लागली. डबी टेबलावर ठेवली. झाकन लावलेलीच.

आन् साहेबांचा आवाज काढला. मान जराशी तिरपी, चष्मा दोन बोटांनी वर.

"हसायचं नाही. चपला काढ. डोळे खाली. हात पुढे कर."

पोरं खदखदली. हुबेहूब! मी थांबलो न्हाई. परत तेच, परत तेच. चौथ्या बारीला हसू बंद झालं. मग मी त्यांचंच आजचं काढलं.

"अर्धा आफ्रिका तू आधीच आहेस."

चिसोमोबाईला मराठी येत न्हाई. पन आफ्रिका हा शब्द तिला कळला. तिनं माझ्याकडं न्हाई, शेजारी बघितलं. साहेबांकडं.

आन् शेवटचं, बारीक आवाजात. "आईची खोली कुणाची आहे रे? सहज विचारतो."

आई मागच्या बाकावर हुती. मी तिच्याकडं बघितलं तर तिनं डोळे खाली घातले. आज तिला तसं कुनी सांगितलंबी न्हवतं.

साहेब येकटेच टाळ्या वाजवत उठले. "मुलगा गुणी आहे. उद्या सकाळी ऑफिसात ये. आईलाही घेऊन ये."

दुपारी शिपाई आला. नवं कुलूप आमच्या खिडकीत ठेवून गेला. किल्ली दिली न्हाई. मी म्हनालो, "मामा, हे कशाला?" तो म्हनाला, "मला काय म्हाईत बाबा. ठिवून ये म्हनाले." माझ्याकडं बघितलं न्हाई. कुलूप अजून तिथंच हाय. आई येता-जाता त्याच्याकडं बघती.

"मला इचारलं असतंस तर," ती म्हनाली. "माझी भाकर हाय ती."

खरं हाय. इचारलं न्हाई. तिला न इचारता साहेबांनी फोटो काढला, तिला न इचारता मी त्यो चारचौघांत उघडा केला. ह्याचा जाब मला तिलाच द्यायचाय. साहेबांना न्हाई.

मघाशी तिनं चपला काढल्या. चपलेचा तुटलेला अंगठा सुईदोऱ्यानं शिवला. कशाला म्हनून मी इचारलं न्हाई.

उद्या खोली जाईल. बहुतेक जाईलच. पन तो फोटो मलावीच्या भिंतीवरनं उतरवतो, आन् दोन्हीकडच्या मुठी कुठं गेल्या ते सांगतो, असं साहेबांकडनं कागदावर लिहून घेतल्याबिगर मी त्या ऑफिसातनं हलनार न्हाई. पॉलिशची डबी खिशात हाय. ती त्यांच्या टेबलावर ठिवनार. न उघडता.

आन् उद्या कुनाचीच नक्कल न्हाई. माझ्या आवाजात बोलनार. तो जरा घोगरा निघंल, लई दिवस वापरला न्हाई. पन साहेबांना आयकावा लागंल. डोळे वर करून.