नानांनी न टाकलेलं औषध

ही गोष्ट मी मेघनाला सांगितलेली नाही. मेघना माझी बायको. तिला नाही म्हणजे कुणालाच नाही, हे तुम्ही ओळखलं असेलच. चार वर्षं झाली. या चार वर्षांत ती ओठांवर आलीच नाही असं नाही. कितीदा तरी आली आणि चहाच्या घोटाबरोबर मी ती परत खाली ढकलली. तुम्ही आमच्या घरी येणार नाही, नानांना भेटणार नाही — म्हणून तुमच्याशी बोलवतंय.

आधी माझा स्वभाव सांगतो. बचाव म्हणून नव्हे, नुसती ओळख म्हणून. मी संशयी माणूस आहे. दुबईत एका विमा कंपनीत मोटारींचे क्लेम तपासतो. लोक म्हणतात गाडी खांबाला घासली. मी ओरखड्यात दुसऱ्या गाडीचा रंग शोधतो. ही सवय संध्याकाळी ऑफिसात ठेवून येता येत नाही. मुलगी म्हणाली दात घासले, तर मी ब्रश ओला आहे का ते बघतो. 'तू देवाच्या नैवेद्याचीसुद्धा पावती मागशील,' असं मेघना चिडवायची. तेव्हा मीही हसायचो.

नाना म्हणजे तिचे वडील. साताऱ्याला एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी किती वाजता सुटते, वाटेत कुठे किती मिनिटं थांबते — निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनीही तोंडपाठ. आमची ईशा तेव्हा नऊ वर्षांची. ती गावाचं नाव घ्यायची आणि नाना वेळा सांगायचे. तो त्यांचा खेळ होता, आणि त्यांचा अभिमानही. सासूबाई गेल्यावर मेघनाने त्यांना व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे, मनखूलच्या फ्लॅटमध्ये आणलं. लेकीच्या घरी राहायचं म्हणून ते कायम अवघडलेले. मी ऑफिसातून आलो की सोफ्यावरून उठून उभे राहायचे. 'बसा हो नाना,' म्हटलं की बसायचे, पण टेकायचे नाहीत.

हॉलमध्ये माझी काचेची मोठी टाकी होती, गोल्डफिशची. तिथे मात्र ते मोकळे असायचे. सकाळी पूजा झाली की चिमूटभर खाणं घालायचं आणि माशांशी काहीबाही बोलत बसायचं. एकदा माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले, तेव्हा मी दुकानातून निळ्या औषधाची बाटली आणली. थेंब मोजून घालायचं काम नानांनी केलं. मासे बरे झाले. त्या दिवशी ते सोफ्याला टेकून बसले होते.

आणि मला खाऱ्या पाण्याची टाकी करायची हुक्की आली. अल बर्शाला एका सहकाऱ्याकडे पाहिली होती. नारिंगी-पांढरे मासे, खडक, हलणारी प्रवाळं. आपल्याकडे का नको? नाना म्हणाले, "मग मीठ टाका की, जावईबापू." मी त्यांना समजावलं की तसं नसतं. गोड्या पाण्यातले मासे खाऱ्या पाण्यात मरतात, वाळू बदलावी लागते, मीठही समुद्राचं वेगळं, आणि पाणी तयार व्हायला पाच-सहा आठवडे टाकी नुसती खडकांची ठेवावी लागते. त्यांनी मान डोलावली. गोल्डफिश तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाला द्यायचे ठरले तेव्हा बादली त्यांनी स्वतः उचलून नेली. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "त्यांच्याकडे ऊन चांगलं येतं."

त्यानंतरचे सहा आठवडे ते पूजा झाली की त्या रिकाम्या पाण्यासमोर येऊन बसत. मी त्यांना न्याहाळत होतो. हा माणूस मनातून चिडला आहे का? बोलत का नाही? हात ओले का आहेत? — तोंड धुतलं होतं त्यांनी, पण मला ते हातच दिसायचे.

मग मासे आले, शंखाच्या गोगलगाई आल्या, आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी. नानांनी चेष्टा केली, "आमच्याकडे हिला तळतात, तुम्ही एसीत ठेवलीत." पंधरा दिवसांनी ईशा ओरडली, "डॅडी, द श्रिम्प इज नॉट मूव्हिंग!" दुसरी आणली, तीही गेली. मग गोगलगाई. मासे मात्र ठणठणीत. हे विचित्र नव्हतं का? माझ्या धंद्यात असं काही दिसलं की आम्ही फाइल बाजूला काढतो.

मी पाणी बाटलीत भरून दुकानात नेलं. दुकानदाराने तपासलं. "कॉपर है इसमें, भाईसाब. मछली झेल लेगी, झींगा नहीं झेलेगा. कोई दवाई डाली क्या? सफ़ेद दाने वाली?" त्या निळ्या औषधात तांबंच असतं म्हणे.

मला आणखी काय हवं होतं? घरी येऊन मी नानांच्या खोलीत गेलो. ते खाली फेरी मारायला गेले होते. होय, मी त्यांची पिशवी उघडली. रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी ती बाटली होती. निम्मी रिकामी.

क्लेममध्ये आमची एक पद्धत आहे. आरोप करायचा नाही. पुरावा समोर ठेवायचा आणि गप्प बसायचं. माणूस आपणहून बोलतो. शुक्रवारी हाफ डे होता, सगळे जेवायला बसलो होतो. मी नानांच्या ताटाशेजारी ती बाटली ठेवली. म्हणालो, "पाण्यात तांबं निघालंय." आणि वरणभात कालवायला लागलो.

नाना बाटलीकडे बघत राहिले. मेघना त्यांच्याकडे बघत राहिली. मी वाट बघत होतो की ते नाही म्हणतील, चिडतील, म्हणजे मला पुढचा प्रश्न विचारता येईल. ते चिडले नाहीत. ते आठवत होते. एवढ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ असलेला तो माणूस आपलं डोकं चाचपत होता आणि त्याला तिथे काहीच सापडत नव्हतं. कसं सापडणार?

"टाकलंही असेल माझ्या हातून," ते हळूच म्हणाले. "सवयीनं. मला आठवत नाही." मग उठले आणि उष्टा हात तसाच धरून, डाव्या हाताने कसाबसा नमस्कार केला. मला. जावयाला. "माफ करा, जावईबापू."

ईशा मध्येच बोलली, "बट आजोबा नेव्हर टचेस द वॉटर! ही टेल्स मी नॉट टू!" मी तिला आत पाठवलं.

व्हिसाचा महिना बाकी असताना नाना परत गेले. विमानतळावर मेघना रडली, आणि मी — मी मनात फाइल बंद केली.

आता पाण्याचं सांगतो. इतका वेळ टाळत होतो. खाऱ्या टाकीतलं पाणी एसीच्या हवेत रोज थोडं उडतं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून रोज वरून साधं, शुद्ध पाणी घालावं लागतं. हे काम मी कुणालाही करू देत नव्हतो. माझा भरवसा फक्त माझ्यावर. आणि घरातलं सगळ्यात शुद्ध पाणी कुठलं? आपल्या कुठल्याही घरात विचारा. स्वयंपाकघरात माझा तांब्याचा हंडा होता. रात्रभर त्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी अनशापोटी प्यायचं, ही शिस्त माझी. शुक्रवारी लिंबू-मीठ लावून तो लखलखीत घासायचो मीच. त्यातलं दोन तांबे पाणी मी रोज सकाळी टाकीत ओतत होतो. मोठ्या प्रेमाने.

हे मला कधी कळलं? नाना गेल्यावर मी पाणी बदललं, नवी कोळंबी आणली. तीही मेली. खरं सांगू? तेव्हासुद्धा माझ्या मनात आधी हेच आलं की जाण्याआधी नानांनी वाळूत काही टाकून ठेवलं असणार. इतका मी पुढे गेलो होतो. मग एका सकाळी हातात तांब्या होता, टाकीचं झाकण उघडं होतं, आणि मी त्या तांब्याकडे बघितलं. हंड्यातलं पाणी दुकानात नेऊन तपासलं. त्यातही तांबं निघालं. दुकानदार हसला. मी त्याला सांगितलं नाही की या पाण्यापायी घरात काय झालंय.

त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरची बाई लिफ्टमध्ये भेटली. म्हणाली, "अंकलजी बहुत अच्छे थे. हमारी फ़िश को दाने हुए, तो रोज़ आके दवा डालते थे." निम्मी बाटली तिथे गेली होती. ती कुठे वापरली, एवढं मी नानांना विचारलंच नव्हतं. मी "हां, हां" म्हणालो आणि मजला आल्यावर उतरलो.

टाकी विकून टाकली. मेघनाला सांगितलं, कंटाळा आला. तेव्हा एक फोन पुरला असता. नाना, चूक माझी होती, तुमचं डोकं शाबूत आहे. दोन वाक्यं. मी ती बोललो नाही. लाज वाटली म्हणा. पण त्याहून खरं म्हणजे मला माझं घरातलं स्थान सोडवेना. मी तो होतो, ज्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

साताऱ्यात नानांनी स्कूटर विकली. पेन्शनची कामं मेघनाच्या चुलतभावाकडे दिली. एक वही केली आहे, तिच्यात लिहितात — गॅस बंद केला, दार लावलं, गोळी घेतली. डॉक्टरांनी तेव्हा तपासून सांगितलं होतं की स्मरणशक्ती उत्तम आहे. नानांनी मेघनाला फोनवर सांगितलं, डॉक्टर भला माणूस आहे, धीर देतोय. ईशा गावाचं नाव घेते तेव्हा ते म्हणतात, "नको बाळा, चुकीची वेळ सांगेन." आता ते खरंच विसरतात, की विसरण्याच्या भीतीने गोंधळतात? ते मलाही सांगता येणार नाही. मेघना म्हणते, सुरुवात त्या टाकीपासून झाली. तू वेळीच ओळखलंस.

मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. मेघनाला नव्हे, मला. म्हणाले, ती घरात नाही ना बघा. मग म्हणाले, "जावईबापू, एक काम आहे. माझ्या हातून परत तसं काही झालं, तर मला तोंडावर सांगत जा. मेघना माया करते, ती लपवेल. तुम्ही नाही लपवणार. तुमच्यावर माझा भरवसा आहे."

मी म्हणालो, "हो नाना. सांगेन."