अक्षर मोठं केलं आणि गाव जेवायला आलं

माझ्या बहिणीच्या लग्नात सहाशे माणसं जेवली. बोलावली होती तीनशे. फरक माझ्यामुळे पडला, आणि तो कसा पडला हे मी पदवीधर असल्यामुळे व्यवस्थित सांगू शकते.

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. चंद्रपूरला राहून बीसीए केलं. पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावात त्याचा अर्थ 'शीतलले कॉम्प्युटरचं सगळं येते' असा घेतला जातो, आणि मी तो कधी खोडून काढला नाही. म्हणून करुणाच्या लग्नाची यादी करायची वेळ आली, तेव्हा मी आईला म्हटलं, "तू तोंडी सांग. मी कॉम्प्युटरात घालते."

"मले पाठ हाये ना व," आई म्हणाली.

"पाठ असणं आणि यादी असणं यात फरक असतो, आई." (हे वाक्य मला पुढे बरेच दिवस ऐकवण्यात आलं.)

आमच्याकडे आवतन दोन प्रकारचं असतं. एक चूलबंद. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्या लेकरापर्यंत सगळे आमच्याकडे जेवायला. दुसरं एका माणसाचं. घरटी एकाने यायचं. भावकीचं आवतन चूलबंद, बाकी गावाचं एका माणसाचं, असं ठरलं. म्हणून यादीत मी शेवटचा रकाना जेवणाचा ठेवला आणि प्रत्येकापुढे आकडा टाकायला लागले. बाबांनी हटकलं. "भावकीच्या नावापुढं आकडा टाकते का कुठी? मोजून बलावल्यासारखं दिसते."

मग मी नियम केला : पुढे एक लिहिलं असेल तर एक माणूस, काहीच लिहिलं नसेल तर चूलबंद. नियम सोपा होता. अजूनही मला तो चांगलाच वाटतो.

एकशे वीस घरं झाली. आता ती मोहल्ल्याप्रमाणे लावायची होती. साधा माणूस हे काम माऊसने करतो. मी काळी खिडकी उघडली. जिच्यात माऊस चालत नाही, नुसत्या आज्ञा टाइप करायच्या असतात, ती. आई, बाबा, करुणा आणि नामदेवकाका मागे येऊन उभे राहिले होते, आणि माणूस उगीच तीन वर्षं हॉस्टेलचं वरण खात नाही.

मी आज्ञा दिली. यादी झरझर उतरली. (नावं इंग्रजी अक्षरांत होती, कारण त्या खिडकीत मराठी टाकलं की नुसते चौकोन येतात.) बाबा डोळे बारीक करून म्हणाले, "मुंग्या दिसून राह्यल्या मले."

मी अक्षर मोठं केलं. अजून मोठं केलं. बाबांना स्वतःचं आडनाव वाचता यायला लागलं, तेव्हा थांबले. परत आज्ञा दिली. यादी पुन्हा उतरली, ठळक, टपोरी, आणि तिच्या डोक्यावर एक पिवळी ओळ आली.

"हे पिवळं काय व?" करुणाने विचारलं.

"सूचना असते," मी म्हटलं. "तो सगळ्यांनाच देतो."

त्या ओळीत काय लिहिलं होतं ते मी वाचलं नाही. तेच फाइलीत उतरवलं, पोंभुर्ण्याला जाऊन छापून आणलं आणि काकांच्या हातात दिलं. गावात आवतन द्यायचं काम त्यांचंच. दोनच मिनिटांत ते परत दारात आले. मी मेंदी काढून घेत होते.

"शीतल, इथी नावापुढं काई नाई लिहलं."

"नसेल तर चूलबंद. सांगितलं होतं ना काका?"

"पर गिरजाबाईच्या..."

"काका, यादीपुढे आपलं डोकं चालवायचं नाही. यादी बरोबर असते."

काका आज्ञाधारक माणूस. ते गेले आणि दोन दिवसांत अख्ख्या गावाला चूलबंद आवतन देऊन आले.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी तळ्याकडच्या मोहल्ल्यातल्या गिरजाबाई अंगणात आल्या. त्यांचं घर मासेमारीवर चालणारं, अकरा माणसांचं. "मन मोठं हाये बापा तुमचं," त्या बाबांना म्हणाल्या. "आमी अकराच्या अकरा येतो."

बाबांनी काकांकडे बघितलं, काकांनी माझ्याकडे. मी लॅपटॉपकडे पळाले. मूळ फाइल उघडली तर त्यात सगळे आकडे जागेवर. काळ्या खिडकीत तीच आज्ञा परत दिली, तर तिथे मात्र आकड्यांचा रकानाच नव्हता. तेव्हा मी ती पिवळी ओळ वाचली. तिच्यात अतिशय सभ्य इंग्रजीत लिहिलं होतं की शेवटचा रकाना पडद्यावर मावत नाही, सबब काढून टाकला आहे. मी अक्षर लहान केलं. रकाना निमूटपणे परत आला.

"आला," मी ओरडले.

"आता येऊन काय करते तो?" बाबा म्हणाले आणि खाटेवर बसले. ते एवढंच म्हणाले, पण त्यांचा चेहरा मला बघवेना. वऱ्हाड भद्रावतीचं, कारखान्याच्या कॉलनीतलं. त्यांच्यासमोर मुलीच्या मांडवात भात सरला, तर या माणसाने आयुष्यभर मान वर करून मिळवलेलं सगळं त्या एका पंगतीत जाणार होतं.

आचारी वासुदेवभाऊंनी हिशोब सांगितला. "तांदूळ हाये ना? हाये. पर माह्याकडं भात शिजवाचे गंज चार आन भट्ट्या तीन. सहाशेचा भात याच्यात होत नाई. दोनदा शिजवतो म्हटलं तं दुसरी पंगत परवा बसन."

"मी जाऊन सांगते घरोघरी," मी म्हटलं. "चूक झाली, एकच जण या."

काका हादरले. "देल्लं आवतन मागं घेतात का कुठी?"

तरी मी गेले, कारण चूक माझी होती. पहिलंच घर गिरजाबाईंचं. त्यांनी चूल सारवून, वर रांगोळी टाकून ठेवली होती. दोन्ही लेकींना माहेरी बोलवून घेतलं होतं. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "जावयांना पण आणा."

गेले होते दहा कमी करायला, आले दोन वाढवून.

शेवटी आई उठली. धान्याच्या ढोलीतून तांदूळ काढला, डोक्यावर पाटी घेतली आणि निघाली. मी मागोमाग. प्रत्येक दारात ती एकच बोलायची, "बाई, मांडवात भट्ट्या कमी पडून राह्यल्या. तांदूळ आमचा, चूल तुमची. उद्या भात टाकून देता का?"

गिरजाबाई आपल्या रांगोळीकडे बघत राहिल्या. "चूलबंद आवतन, आन चूल पेटवा म्हणते?"

"हो व."

"आमच्या घरात कोनी असं आवतन आयकलं नाई."

"आमच्या घरात कोनी शिकलं नव्हतं," आई म्हणाली.

त्या इतक्या हसल्या की पाटीतला तांदूळ सांडला. मग त्यांनीच पुढे होऊन तळ्याकडच्या बाकीच्या घरांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या चूलबंद जेवणासाठी गावातल्याच चाळीस चुली पेटल्या. वऱ्हाडाची बस आली तेव्हा घराघरातून धूर निघत होता. नवरदेवाचे वडील उतरले आणि काकांना म्हणाले, "आज गावात अजून किती लग्नं आहेत?"

बुद्धवंदना झाली, लग्न लागलं आणि पंगती बसल्या. भात चाळीस घरांचा, म्हणून चाळीस प्रकारचा होता. कुठे मोकळा, कुठे गिचका, एक गंज चक्क करपलेला. वरण तिसऱ्या पंगतीला पातळ झालं. पण भात सरला नाही. बाबा पंगतीतून फिरत "घ्या ना, घ्या ना" करत होते, आणि त्यांचा आवाज परत नेहमीसारखा चढला होता.

निघताना व्याही बाबांचे हात धरून म्हणाले, "असं एकजुटीचं नियोजन मी कॉलनीत बघितलं नाही. कोणी केलं हे?"

काकांनी अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं. "माह्या पुतणीनं. कॉम्प्युटरवर."

"वा. आमच्या धाकट्याच्या लग्नाची यादी हिच्याकडेच."

मी मान खाली घातली. आईने पदर सावरला. "पोरगी हुशार हाये माही," ती व्याह्यांना म्हणाली. "पर तिले पंधरा इंचाच्या बाहेरचं दिसत नाई."

सगळे हसले. मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पदवीधर असल्यामुळे लगेच चूक दुरुस्त केली, की लॅपटॉप चौदा इंचाचा आहे.